मार्चिंग बँडमधले यश आणि घरची आर्थिक स्थिती

प्रश्न : उत्तर डॅलसची पालक

नमस्कार. माझी मुलगी येत्या ऑगस्टमध्ये नववीत जाईल आणि हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवू लागेल. आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. इथल्या हायस्कुलांचे बँड शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतराला मैदानावर वाजवतात हे सर्वांना ठाऊक असते, परंतु त्याच मुलांचे शनिवार स्पर्धांमध्ये जातात आणि बहुतेक मुलांच्या मनात खरे महत्त्व त्या शनिवारांना असते. सात-आठ मिनिटांचा एकच कार्यक्रम उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत घोटला जातो. त्यात वादन असते, वाजवताना मैदानावर आकृत्या रचत चालणे असते, कलर गार्डचे झेंडे आणि नृत्य असते. टेक्ससमध्ये विभागीय स्पर्धेतून पुढे जात जात शेवटी सॅन अँटोनियोच्या अलामोडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये राज्यस्तरीय फेरी होते. त्याखेरीज 'बँड्स ऑफ अमेरिका'च्या प्रादेशिक स्पर्धा असतात आणि तिची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा इंडियानापोलिसला भरते.

गेल्या हंगामात आम्ही शेजाऱ्यांच्या मुलासाठी अनेक स्पर्धा पाहिल्या. अंतिम फेरीत पोहोचणाऱ्या शाळांची नावे वाचताना मला सतत एकच गोष्ट जाणवत राहिली. घर घेताना आम्ही सर्व मराठी मंडळी ज्या भागांची यादी काढतो, तीच ही यादी होती. मोठी घरे, पदवीधर पालक, उत्तम मानांकनाच्या शाळा, आणि त्याच शाळांचे बँड. दुपारच्या प्राथमिक फेरीत मनापासून वाजवणारे, परंतु साध्या गणवेशातले, जेमतेम साठ मुलांचे बँड दिसले. रात्रीच्या फेरीत त्यांच्यापैकी एकही नव्हता.

आता मला बूस्टर क्लबच्या, म्हणजे पालकांच्या सहायक संस्थेच्या, समितीवर येण्याविषयी विचारले आहे. क्लबकडे गरजू मुलांसाठी एक छोटा निधी आहे आणि तो कसा वापरावा याची जबाबदारी माझ्याकडे येण्याची शक्यता आहे. आजवर तो अकरावी-बारावीतल्या मुलांची थकलेली फी भरण्यासाठी वापरला गेला आहे. माझा प्रश्न दुहेरी आहे. या स्पर्धांमधल्या यशात कुटुंबाच्या पैशाचा वाटा नेमका कोणत्या वाटांनी येतो? आणि आमच्यासारख्या, एकंदरीत सुस्थितीतल्या शाळेतही ज्या घरांना हा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी हा निधी कुठे लावला तर त्याचा सर्वाधिक उपयोग होईल? कृपया ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे.


उत्तर : इंडियानातील माजी खजिनदार

माझ्या दोन्ही मुलांनी इंडियानापोलिसच्या परिसरातल्या शाळेत मार्चिंग बँड केला आणि त्या काळात मी बूस्टर क्लबचे हिशेब सांभाळले, म्हणून पैशाच्या बाजूने लिहितो.

बँडचा पैसा साधारणपणे तीन ठिकाणांहून येतो. शिक्षकांचे पगार, सरावाची जागा, ट्युबा आणि मोठे ढोल यांसारखी अवजड वाद्ये आणि बसगाड्या यांचा भार बहुतांशी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणारी स्थानिक संस्था, उचलते. दुसरा भाग कुटुंबांकडून घेतलेली वार्षिक फी, जी काही शाळांत शे-दोनशे डॉलर असते आणि मोठ्या स्पर्धांत उतरणाऱ्या शाळांत हजार डॉलरच्या वर जाते. तिसरा भाग पालकांनी जमवलेल्या देणग्या, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या, स्वतःच्या मैदानावर भरवलेल्या स्पर्धा आणि स्थानिक व्यावसायिकांचे प्रायोजकत्व यांतून उभा राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की फी म्हणजे गणवेश आणि प्रवास. वास्तविक वरच्या पातळीवरच्या बँडचा फार मोठा खर्च कार्यक्रमाच्या रचनेवर होतो. संगीत खास त्या बँडसाठी बांधून घेतले जाते, ज्या रचना वापरायच्या त्यांच्या हक्कांचे शुल्क भरावे लागते, ड्रिल, म्हणजे मैदानावर चालत रचायच्या आकृत्या, लिहिणारा वेगळा असतो, कलर गार्डचा नृत्यरचनाकार वेगळा, ड्रमलाइन (चालत ढोल वाजवणारी मुले) आणि फ्रंट एन्सेंबल (मैदानाच्या पुढच्या कडेला उभा राहून वाजवणारा गट) शिकवणारे हंगामी प्रशिक्षक वेगळे. त्यानंतर येतात मैदानावरचे प्रॉप्स, सिंथेसायझर, ध्वनियंत्रणा, आणि हे सारे वाहून नेणारा सेमी ट्रक.

हा खर्च केवळ हौसेचा नाही, कारण गुणदानाची पद्धतच त्याला किंमत देते. 'बँड्स ऑफ अमेरिका'मध्ये वादनातील आणि चालण्यातील अचूकतेला गुण असतातच, परंतु कार्यक्रमाच्या एकूण परिणामालाही मोठा वाटा दिलेला आहे. संगीत आणि दृश्य एकमेकांत किती मुरले आहेत, प्रेक्षकाला शेवटपर्यंत धरून ठेवणारी कल्पना आहे का, हे परीक्षक पाहतात. उत्कृष्ट वाजवणाऱ्या मुलांना सामान्य रचना मिळाली तर ती मुले एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाहीत. देशातले नावाजलेले रचनाकार मोजकेच आहेत आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्या शाळा त्यांना आधीच बांधून ठेवतात.

माझ्या राज्याचेच उदाहरण घ्या. २००८, २००९ आणि २०१० अशी लागोपाठ तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद एव्हनने मिळवले, आणि २०१६, २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे कार्मेलने. दोन्ही इंडियानापोलिसची उपनगरे आहेत, आणि कार्मेल ज्या हॅमिल्टन काउंटीत आहे ती राज्यातल्या सर्वांत सधन काउंटींपैकी एक आहे. त्या मुलांनी घेतलेल्या कष्टांविषयी मला नितांत आदर आहे. मी त्यांना पावसात सराव करताना पाहिले आहे. परंतु तितकेच कष्ट करणारी मुले इतरत्रही आहेत, हे खजिनदार म्हणून इतर शाळांच्या पालकांशी बोलताना मला वारंवार दिसले.

आपल्या निधीविषयी एक कायदेशीर गोष्ट समितीवर जाण्यापूर्वी माहीत असावी. पूर्वी अनेक क्लब प्रत्येक मुलाच्या नावे खाते ठेवत आणि ज्या कुटुंबाने जितका निधी जमवला तितकी त्या मुलाची फी कमी करत. २०१३ साली जिम्नॅस्टिक्सच्या एका बूस्टर क्लबच्या खटल्यात अमेरिकेच्या करन्यायालयाने ही पद्धत करमुक्त संस्थेच्या उद्देशात बसत नाही असा निर्णय दिला. जमवलेला पैसा सर्वांचा असतो आणि तो सर्वांच्या हितासाठी किंवा गरजेनुसार वापरावा लागतो. हा निर्णय आल्यावर पुष्कळ पालक नाराज झाले होते. मला मात्र तो योग्य वाटतो, कारण ज्या आईवडिलांना तासावर पगार मिळतो आणि शनिवारी पाळी असते, ते टपरीवर उभे राहू शकत नाहीत, आणि त्यांच्या मुलाची फी त्यामुळे कमी होत नसे. ज्याच्याकडे पैसा होता त्याच्याचकडे वेळही होता. गरजेनुसार मदत करण्याला आता क्लबच्या नियमांत भक्कम आधार आहे, तो वापरा.


उत्तर : ह्यूस्टनचा क्लॅरिनेटशिक्षक

मी ह्यूस्टनच्या परिसरातल्या मिडल स्कूल (सहावी ते आठवी) आणि हायस्कुलांमध्ये क्लॅरिनेटची खाजगी शिकवणी घेतो. टेक्ससमध्ये अनेक डिस्ट्रिक्टमध्ये शिकवणीचे शिक्षक शाळेच्या वेळेतच शाळेत येतात. मूल बँडच्या तासातून अर्धा तास बाहेर येते आणि त्याचे पालक शिक्षकाला वेगळे पैसे देतात. त्यामुळे एकाच आठवड्यात मी फार वेगळ्या आर्थिक स्थितीतली मुले पाहतो.

खजिनदार साहेबांनी जे लिहिले आहे ते खरे आहे, तरीही माझ्या मते प्रॉप्स आणि रचनाकार हा फरकाचा शेवटचा थर आहे. पाया सहावीत घातला जातो. इथे बहुतेक ठिकाणी मुले सहावीत, म्हणजे अकरा वर्षांच्या वयात, वाद्य निवडतात. ट्युबा, युफोनियम, बसून यांसारखी महाग आणि मोठी वाद्ये शाळा देते, परंतु फ्लूट, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन कुटुंबाने भाड्याने किंवा विकत आणायचे असते. ज्या घरात महिन्याचे भाडे देणे जड जाते, तिथे एक तर मूल बँडमध्ये येतच नाही, किंवा कुणाकडून तरी मिळालेले जुने, छिद्रे बंद करणाऱ्या गाद्या झिजलेले वाद्य घेऊन येते. ज्या क्लॅरिनेटमधून हवा गळते त्यावर कोणतेही मूल खालच्या स्वरांवरून वरच्या पट्टीत सहज जाऊ शकत नाही. ते दोन वर्षे झगडते, आपल्यातच काही उणे आहे असा समज करून घेते आणि आठवीत बँड सोडते. हायस्कूलच्या बूस्टर क्लबला ते मूल कधी दिसतच नाही, त्यामुळे त्याची फी भरण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की याविषयी लिहिताना माझा स्वर चढला तर क्षमा असावी.

दुसरीकडे ज्या मुलांना सातवीपासून आठवड्याला एक शिकवणी मिळते, त्यांचा श्वास, बोटे आणि स्वर नववीपर्यंत बसलेले असतात. मार्चिंगमध्ये ते फार महत्त्वाचे ठरते, कारण धावत्या पावलांवर, उलट दिशेला चालताना, मैदानावरची आपली एकामागून एक येणारी स्थाने लक्षात ठेवत वाजवायचे असते. ज्याचे वादन आधीच हातात बसलेले आहे तो सारे लक्ष पायांकडे देऊ शकतो. ज्या बँडमध्ये अशी मुले बहुसंख्य आहेत त्या बँडला कठीण संगीत देता येते, आणि कठीण संगीत स्वच्छ वाजले की गुण वाढतात. शिवाय वरच्या इयत्तांत लाकडी क्लॅरिनेटची अपेक्षा असते. बुफे कंपनीचे आर-१३ हे सर्वत्र वापरले जाणारे मॉडेल काही हजार डॉलरना पडते, आणि उन्हात-पावसात लाकूड तडकते म्हणून ते मैदानावर नेता येत नाही. म्हणजे मार्चिंगसाठी प्लॅस्टिकचे आणि सभागृहातल्या वादनासाठी लाकडी, अशी दोन वाद्ये घरी लागतात.

पैशाचा तिसरा परिणाम शिक्षकांच्या द्वारे होतो आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. सधन उपनगरांत एका हायस्कूलला तीन-चार बँड डायरेक्टर असतात. ते सकाळी मिडल स्कूलमध्येही जाऊन शिकवतात, त्यामुळे सहावीतल्या मुलाला क्लॅरिनेट शिकवणारा माणूस क्लॅरिनेटच वाजवणारा असतो. हे शिक्षक दहा-पंधरा वर्षे त्याच ठिकाणी टिकतात. गरीब वस्तीतल्या शाळेत अनेकदा एकच डायरेक्टर सर्व वाद्ये, सर्व इयत्ता आणि सर्व कागदपत्रे सांभाळतो, आणि अनुभव मिळाला की चांगल्या पगाराच्या शाळेकडे जातो. सहावी ते बारावी हा सात वर्षांचा प्रवास आहे. त्या सात वर्षांत तीन वेळा शिक्षक बदलला तर मुलांच्या हातात काय उरणार?

टेक्ससच्या नियामक संस्थेने, यूआयएलने, शाळेच्या वेळेबाहेरच्या सरावाला आठवड्याला आठ तासांची मर्यादा घातलेली आहे, आणि १९८४च्या कायद्यानुसार अभ्यासात नापास झालेल्या मुलाला स्पर्धेत उतरता येत नाही. आठ तासांच्या नियमाने पुष्कळ समानता आणली असे म्हटले जाते. सरावाच्या वेळेपुरती ती आली आहे. परंतु घरी केलेला सराव, शिकवणी, उन्हाळी शिबिरे यांना ती मर्यादा लागू नाही, आणि पंधरा-सोळा वर्षांचे जे मूल संध्याकाळी दुकानात काम करते किंवा धाकट्या भावंडांना सांभाळते, त्याला ते आठ तास देणेसुद्धा अवघड असते. नापास न होण्याच्या नियमाचेही तेच आहे; गणिताची शिकवणी कोणाला परवडते हा प्रश्न तिथेही येतो.

याविषयीचा एक विश्वसनीय अभ्यास केनेथ एल्पस आणि कार्लोस आब्रिल यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. २००४च्या बारावीच्या मुलांची राष्ट्रीय माहिती त्यांनी तपासली. सुमारे २१ टक्के मुले शाळेच्या वाद्यवृंदात किंवा गायनवृंदात होती, आणि आर्थिक-सामाजिक दृष्ट्या खालच्या स्तरातील मुलांचे प्रमाण त्यांत त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कमी होते. स्पर्धेत कोण जिंकले हा पुढचा प्रश्न झाला. चाळणी त्याआधीच लागलेली असते.

म्हणून ताई, माझा सल्ला असा आहे की निधीतला मोठा भाग आपल्या हायस्कूलला मुले पाठवणाऱ्या मिडल स्कूलकडे वळवावा. दुरुस्त केलेली चांगली क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट सहावीतल्या मुलांना वापरायला द्यावीत आणि सातवी-आठवीतल्या काही मुलांच्या शिकवणीचे पैसे भरावेत. बारावीतल्या मुलाची फी भरणे आवश्यक आहे, ते थांबवू नका. परंतु बारावीपर्यंत जे मूल टिकले आहे, त्याने सर्वांत कठीण टप्पा स्वतःच्या बळावर पार केलेला असतो.


उत्तर : तल्सावासी

मी ओक्लाहोमातल्या तल्सा शहरात राहते. वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, परंतु वाचकांचा असा समज होऊ नये की श्रीमंत वस्तीवाचून हे यश अशक्य आहे. आमच्या शेजारच्या ब्रोकन अॅरोच्या बँडने २००६, २०११, २०१५ आणि २०२१ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ब्रोकन अॅरो हे मध्यमवर्गीय उपनगर आहे. ओक्लाहोमा हे शिक्षकांच्या पगाराच्या बाबतीत देशात तळाजवळचे राज्य होते. २०१८ साली इथल्या शिक्षकांनी त्यासाठी काम बंद ठेवून राजधानीत ठिय्या दिला होता. तरीही हे घडले.

याची कारणे मी अनेकांशी बोलून समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्या लाखभर वस्तीच्या गावाला हायस्कूल एकच आहे. डॅलस किंवा ऑस्टिनच्या उपनगरांत एका डिस्ट्रिक्टमध्ये अनेक हायस्कुले असतात आणि वस्तीच्या श्रीमंतीनुसार ती वेगवेगळी होत जातात. इथे डॉक्टरांची मुले आणि गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांची मुले एकाच बँडमध्ये येतात, बूस्टर क्लब एकच असतो, आणि सधन घरांनी दिलेल्या देणगीचा लाभ सर्वांना होतो. सर्व मिडल स्कुले त्याच एका बँडसाठी मुले घडवतात. गाव त्या बँडला आपला मानतो. त्यामुळे एखाद्या कुटुंबाकडे किती पैसा आहे यापेक्षा तो पैसा एकाच ठिकाणी एकत्र येतो की वस्त्यांनुसार विभागला जातो, याला मी अधिक महत्त्व देईन.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. यश म्हणजे इंडियानापोलिसचे गुणपत्रक, एवढाच अर्थ घेतला तर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतले बँड चित्रातून पूर्ण बाहेर जातात, कारण त्यांची परंपराच वेगळी आहे. तिथे प्रॉप्स आणि अमूर्त कल्पनांऐवजी दमदार ब्रास, उंच पावले आणि समोरच्या बँडशी थेट सामना असतो. न्यू ऑर्लिन्सच्या सेंट ऑगस्टिन हायस्कूलचा 'मार्चिंग १००' १९६७ साली मार्डी ग्रा या तिथल्या उत्सवातल्या रेक्स नावाच्या मिरवणुकीत वाजवणारा पहिला कृष्णवर्णीय बँड ठरला, आणि त्या शहरात त्याचा मान कोणत्याही पदकाहून मोठा आहे. त्याच शहरात 'रूट्स ऑफ म्युझिक' ही संस्था २००७ साली सुरू झाली. रिबर्थ ब्रास बँडचे ढोलवादक डेरिक टॅब हे तिच्या संस्थापकांपैकी एक. कॅटरिना वादळानंतर शाळांतले बँड मोडून पडले होते, त्या वेळी त्यांनी ९ ते १४ वयोगटातल्या मुलांना विनामूल्य शिकवायला सुरुवात केली. त्यांनी केवळ वाद्य दिले नाही; शाळेतून आणायला-पोहोचवायला बस, गरम जेवण आणि अभ्यासाची शिकवणीही दिली. क्लॅरिनेटशिक्षकांनी ज्या अडचणी वर सांगितल्या त्या सगळ्या या संस्थेने एकाच ठिकाणी हाताळल्या आहेत, म्हणून समितीने तिचा अभ्यास जरूर करावा.


उत्तर : सॅन होजेकर

कॅलिफोर्नियातला अनुभव थोडक्यात लिहितो, कारण फी पूर्ण बंद केल्यास काय होते याचे उत्तर इथे मिळते. १९८४ साली हार्टझेल विरुद्ध कॉनेल या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक शाळेतले शिक्षण विनामूल्य असेल ही राज्यघटनेतली हमी संगीत आणि खेळ यांसारख्या उपक्रमांनाही लागू आहे, त्यामुळे सांता बार्बराच्या हायस्कुलांना त्यासाठी फी आकारता येणार नाही. २०१२च्या कायद्याने तक्रारीची यंत्रणाही उभी राहिली. आज इथे कोणत्याही मुलाला पैसे दिले नाहीत म्हणून बँडमधून वगळता येत नाही, आणि हा नियम मला अत्यंत मोलाचा वाटतो.

परंतु फीऐवजी आता 'अपेक्षित देणगी' मागितली जाते. जिथे बहुतेक पालक संगणक कंपन्यांत नोकरीला आहेत तिथे ती देणगी जवळपास पूर्ण जमते, आणि कित्येकदा कंपनीही तितकीच भर घालते. दहा मैलांवरच्या शाळेत ती जमत नाही आणि तिथला बँड तितकाच लहान राहतो. म्हणजे एकाच शाळेतल्या मुलामुलांमधला भेद कमी झाला आणि शाळाशाळांमधला तसाच राहिला. ज्या कुटुंबाला देणगी देणे शक्य नसते त्याला नकार देण्याचा संकोच असतो, हेही ध्यानात ठेवा. पैसे मागणारे पत्र कोणत्या शब्दांत लिहिले जाते यावर पुष्कळ अवलंबून असते.


उत्तर : सॅन अँटोनियोतील वाचक

आपण ज्या अलामोडोमचा उल्लेख केला त्याच्यापासून काही मैलांवर, शहराच्या पश्चिम भागात, एजवूड नावाचे स्कूल डिस्ट्रिक्ट आहे. या विषयाची मुळे तिथपर्यंत जातात. अमेरिकेत शाळांचा पैसा मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करातून येतो. एजवूडमधल्या मेक्सिकन-अमेरिकन पालकांनी, डेमेट्रियो रॉड्रिगेझ यांच्या नावाने, या पद्धतीला आव्हान दिले. १९७३ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. पुढे १९८९ साली टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने एजवूडच्याच खटल्यात राज्यघटनेच्या आधारे ही पद्धत अवैध ठरवली, आणि १९९३पासून सधन डिस्ट्रिक्टच्या करातला काही भाग इतरांकडे वळवला जाऊ लागला. वर्गातल्या खर्चातली तफावत यामुळे बरीच घटली. बूस्टर क्लबची देणगी, खाजगी शिकवणी आणि घरचे वाद्य मात्र या हिशेबात येतच नाहीत, आणि मार्चिंग बँड नेमका त्यांच्यावर चालतो.

स्पर्धांची वर्गवारी हा यातला दुसरा दुवा आहे. यूआयएल शाळांना १-ए ते ६-ए अशा गटांत विभागते, 'बँड्स ऑफ अमेरिका'मध्येही चार वर्ग आहेत, आणि दोन्हीकडे निकष विद्यार्थिसंख्येचा आहे. दोन हजार मुलांची सधन शाळा आणि दोन हजार मुलांची गरीब शाळा एकाच गटात उभ्या राहतात. खेळांच्या बाबतीत काही राज्यांनी यावर विचार केलेला आहे. मिनेसोटाच्या हायस्कूल लीगमध्ये घरच्या कमी उत्पन्नामुळे शाळेतल्या सवलतीच्या जेवणास पात्र असलेल्या मुलांच्या प्रमाणानुसार शाळेची पटसंख्या हिशेबापुरती कमी धरली जाते, जेणेकरून गरीब शाळेला थोड्या लहान शाळांच्या गटात खेळता यावे. बँडच्या स्पर्धांनी हा मार्ग का स्वीकारू नये हे मला समजत नाही. निदान प्रयोग तरी करावा. पालक संघटना अशी मागणी लेखी करू शकतात, आणि सधन शाळांच्या पालकांनी ती केली तर तिचे वजन अधिक असेल.


उत्तर : उत्तर डॅलसची पालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी समितीवर जाण्याचे ठरवले आहे आणि पहिल्या बैठकीत असा प्रस्ताव मांडणार आहे की निधीचा निम्मा भाग सहावी ते आठवीच्या मुलांची वाद्ये आणि शिकवणी यांसाठी राखावा आणि उरलेला पूर्वीप्रमाणे फीसाठी वापरावा. फी मागणाऱ्या पत्राची भाषाही मी तपासून पाहीन. क्लॅरिनेटशिक्षकांना एक व्यावहारिक प्रश्न विचारायचा आहे. मिडल स्कूलमधल्या कोणत्या मुलाला मदतीची गरज आहे हे ओळखायचे कसे? पालकांना उत्पन्नाचे कागद मागणे मला योग्य वाटत नाही, आणि आपल्या मुलाकडे सर्वांसमोर गरजू म्हणून पाहिले जावे असे कोणालाच वाटणार नाही.


उत्तर : ह्यूस्टनचा क्लॅरिनेटशिक्षक

कागद मागू नका. सहावीतल्या बँड डायरेक्टरला पहिल्या महिन्यातच ठाऊक होते की कोणाचे वाद्य अजून आलेले नाही आणि कोणाचे वाजत नाही. निर्णय त्यांच्याकडे सोपवा आणि क्लबला मुलांची नावे कळूच देऊ नका. त्यांनी फक्त किती आणि कोणती वाद्ये हवीत एवढे सांगावे. टेक्ससच्या शिक्षणविषयक कायद्यानुसार, जे पालक शुल्क भरू शकत नाहीत त्यांच्यासाठी ते माफ करण्याची पद्धत डिस्ट्रिक्टने ठरवलेली असावी लागते, तेव्हा शाळेकडे ती माहिती बहुधा आधीच असते. वाद्य देताना ते शाळेच्या मालकीचे असावे आणि ट्युबा ज्या पद्धतीने दिला जातो त्याच पद्धतीने, त्याच फॉर्मवर सही घेऊन दिले जावे, म्हणजे वर्गातल्या इतर मुलांना त्यात काही वेगळे दिसणार नाही. दुरुस्तीसाठी दरवर्षी वेगळी रक्कम ठेवा; ती ठेवली नाही तर तिसऱ्या वर्षी तीच वाद्ये पुन्हा गळू लागतील. आणि निवड वसंतातच करा, कारण सहावीत येणारी मुले कोणते वाद्य घ्यायचे हे पाचवीच्या अखेरीस ठरवतात, आणि जी मुले परवडणार नाही म्हणून नावच देत नाहीत, ती ऑगस्टमध्ये कोणाच्याही यादीत नसतात.